नकाशातून काढलेले लोक

शाळेत त्यांना आफ्रिकाबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ फिरली की आफ्रिकाबाई. खरं तर बाईंनी आफ्रिका कधी पाहिलीच नव्हती. बंदराच्या धक्क्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी त्यांना गरगरायचं, समुद्र ओलांडायची गोष्ट तर सोडाच. पण चौथीच्या वर्गात त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले चित्रकलेचे सर आपलं शिकवणं थांबवून भिंतीला कान लावायचे, आणि वर म्हणायचे, “या बाईंमुळे माझी पोरं बिघडली.”

पाठ्यपुस्तकात आफ्रिकेला एक पान होतं. पानावर भाला घेतलेल्या माणसाचं चित्र आणि खाली एक ओळ: ‘येथे अनेक जमाती राहतात.’ झालं. अख्खा खंड एका ओळीत आटोपला. बाई ते पान उघडायला लावायच्या, ती ओळ मोठ्याने वाचून घ्यायच्या आणि विचारायच्या, “आपल्या शाळेबद्दल कुणी लिहिलं, ‘येथे अनेक पोरं बसतात’, तर चालेल का?” पोरं ओरडायची, “नाही!” “मग मिटा पुस्तक.” आणि फळ्यावरच्या दोन खिळ्यांना कापडी नकाशा लटकायचा.

तो नकाशा बाईंनी स्वतः शिवला होता. खाली जुना राखाडी पडदा, वर चिंध्यांचे तुकडे. देशांच्या सीमा त्यावर नव्हत्याच. “त्या सरळ रेघा परक्यांनी पट्टी घेऊन मारल्यात, त्या मी का शिवत बसू?” असं त्यांचं म्हणणं. नकाशावर होते ते लोक. योरुबा निळे, अकान पिवळे, मासाई लाल, झुलू हिरवे आणि अकान-योरुबांच्या मधोमध, समुद्राला लागून, एवे लोकांचा जांभळा तुकडा. “हे पाचच आहेत असं समजू नका, हजारांवर आहेत. पण आपल्या वर्गात धड बाक पाचच आहेत, त्याला मी काय करू?”

वर्गात लांबलचक बाक होते, एकेकावर सहा पोरं. प्रत्येक बाकाला एक लोकसमूह वाटून दिलेला असायचा. सहा महिने त्या बाकाने त्या लोकांचं व्हायचं. आपण कुठून आलो, मुलांची नावं कशी ठेवतो, आपल्याला कशाचा राग येतो, हे उभं राहून सांगायचं. आणि त्यात बाईंचा एक नियम होता, तो मोडला की कान पिळला जायचा. ‘ते लोक’ म्हणायचं नाही. ‘आम्ही’ म्हणायचं.

या ‘आम्ही’पायी गावात बरीच गंमत झाली. मासाई बाकाला कळलं की आभाळातल्या देवाने चामड्याच्या दोरीवरून जगातल्या सगळ्या गाई आपल्यासाठीच खाली सोडल्या, तेव्हा त्या बाकावरची एक पोरगी सकाळी दूधवाल्याला अडवून म्हणाली, “काका, ही गाय खरं म्हणजे आमची आहे, पण तुम्ही वापरा.” अकान बाकावरच्या एकाने वडिलांना जेवताना सांगितलं की कूळ आईकडून चालतं, तेव्हा आजपासून तुम्ही पाहुणे. वडील तणतणत शाळेत आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “तुमचा जन्म कोणत्या वारचा?” वडिलांना ठाऊक नव्हतं. “अकान माणसाला हे ठाऊक असतं, त्याच्या नावातच वार असतो,” बाई म्हणाल्या. वडील भांडायला आले होते ते आपला वार शोधायला घरी गेले.

पण खरी धमाल एवे बाकाची. एवे लोकांची गोष्ट अशी की पूर्वी ते नोत्से नावाच्या शहरात राहायचे. शहराभोवती जाडजूड मातीची भिंत आणि आत एक दुष्ट राजा. पळायचं कसं? मग बायकांनी एक युक्ती केली. भांडी घासून झाली, कपडे धुऊन झाले, की सगळं पाणी रोज भिंतीच्या एकाच जागी ओतायचं. दिवसामागून दिवस. भिंत आतून भिजत गेली आणि एके रात्री ढोल बडवत, राजाला झुलवत, लोकांनी ती ढकलली. शेवटचे लोक बाहेर पडले ते पाठमोरे चालत, म्हणजे मातीतली पावलं आत येणाऱ्यांची वाटावीत. ही गोष्ट सांगून झाली की एवे बाकाची सहा पोरं वर्गातून उलटी चालत बाहेर जायची. एका वर्षी त्यातलं एक पाण्याच्या बादलीत बसलं. बाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

बाई अशा हसायच्या, हे मुद्दाम सांगून ठेवलं पाहिजे.

आता हे आफ्रिकेचं वेड बाईंच्या डोक्यात आलं कुठून? ते आलं तीन महिन्यांचं होऊन, एका फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेलं.

बाईंची ताई बंदरालगतच्या रुग्णालयात नर्स होती. एका मालवाहू जहाजातून तापाने फणफणलेली एक बाई तिच्या वॉर्डात आली, कुशीत मूल. ती काय बोलते ते कुणाला समजेना, आणि समजून घ्यायला माणूस शोधेपर्यंत आठव्या दिवशी ती गेली. जहाज तोवर निघून गेलं होतं. मागे राहिलं मूल, ते कापड आणि मुलीच्या कमरेला बांधलेली मण्यांची एक सर. बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या, एकट्या. ताईचा डबा द्यायला म्हणून गेल्या, आणि पोरीने त्यांचं बोट जे धरलं ते सोडेचना. ताई म्हणाली, “अगं, सगळीच मुलं बोट धरतात.” बाई म्हणाल्या, “धरू देत. हिने माझं धरलंय.”

कागदपत्रं झाली. कचेरीतल्या कारकुनाने ‘मूळ’ या रकान्यात ‘अज्ञात’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. पोरगी चालायला लागली ती चाललीच नाही, एकदम पळायलाच लागली. एका जागी म्हणून ठरायची नाही. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

सहा वर्षांची भिंगरी एक दिवस पहिलीच्या वर्गातून आली ती दप्तर फेकून कोपऱ्यात बसली. वर्गात सगळ्यांनी आपापलं मूळ गाव सांगितलं होतं. हिची पाळी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, “हिला नाहीये.” भिंगरीने आईला एवढंच विचारलं, “आई, मी कुठली?”

बाई हाडाच्या शिक्षिका. परीक्षेच्या आदल्या दिवशी दरवर्षी पोरांना बजावायच्या की उत्तर येत नसलं तरी जागा कोरी सोडू नका, काहीतरी लिहा. त्या क्षणी त्यांनी तेच केलं. गेल्या आठवड्यात वाचनालयातून आणलेल्या जाड पुस्तकात योरुबा बायकांच्या कमरेला तशाच मण्यांच्या सरी पाहिल्या होत्या. तशा सरी त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी लोकांत घालतात, हेही त्याच पुस्तकात चार पानं पुढे लिहिलं होतं. बाई त्या पानापर्यंत पोचल्या नव्हत्या.

“तू योरुबा,” त्या म्हणाल्या. ‘बहुतेक’ हा एक शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. पण पोरीने असा काही चेहरा वर केला की तो शब्द त्यांनी गिळला.

मग योरुबांची गोष्ट आली. सगळीकडे पाणीच पाणी होतं, आणि आभाळातून साखळी धरून एक पूर्वज उतरला. हातात मूठभर माती आणि पाच बोटांचा कोंबडा. माती पाण्यावर टाकली, कोंबड्याने ती उकरून पसरली, आणि जमीन झाली. ती जागा म्हणजे इफे. त्या इफेमध्ये पुढे शेकडो वर्षांपूर्वी कारागिरांनी धातूची अशी मस्तकं ओतली की आजही बघणारा श्वास रोखतो. भिंगरी महिनाभर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची बोटं मोजत हिंडली. चारच भरायची. “या आपल्या नाहीत,” ती तुच्छतेने म्हणायची. शाळेत ती छाती काढून सांगायची की माझे पूर्वज साखळीवरून आले, तुझे कशावरून आले?

त्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत बाईंनी नकाशा शिवला. जगातल्या कुठल्याही पोराने आपल्या लेकीला एका ओळीत आटपू नये, एवढाच हेतू.

आणि मग भिंगरी चौथीत आली, आईच्याच वर्गात, अर्थातच योरुबा बाकावर. बादलीत पोरगं बसलं ते त्याच वर्षी. त्यानंतर दोन आठवडेही झाले नसतील, ताई शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी येऊन उभी राहिली. हातात एक पत्र. रुग्णालयाच्या पत्त्यावर आलेलं.

पत्र सोप्या, शाळकरी इंग्रजीत होतं. लिहिणारी एका खेड्यातल्या शाळेची शिक्षिका होती आणि ती दुसऱ्या कुणासाठी लिहीत होती. त्या जहाजावरचा एक खलाशी, ज्याने पुढच्या खेपेला बंदरावर तिची चौकशी केली होती, नऊ वर्षांनी आपल्या मुलखात परतला होता. त्याने एका म्हातारीला सांगितलं होतं की तुझी लेक परक्या बंदरात वारली, पण तिचं मूल तिथल्या एका नर्सकडे जिवंत होतं. म्हातारीने कळवलं होतं: ‘मी मुलीला परत मागत नाही. जिने तिला वाढवलं तिची ती आहे. ती कशी आहे एवढंच कळवा. आणि तिला सांगा, आपण एवे आहोत.’

बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

“उत्तर दे,” ताई म्हणाली.

“देते. परीक्षा होऊ दे.”

“परीक्षा तिची की तुझी?”

पत्र कपाटात गेलं, स्वेटरांच्या खाली. म्हातारीने काही मागितलं नव्हतं, हेच बाईंना सर्वात जड जात होतं. भांडली असती, कोर्टात खेचलं असतं, तर चार हात करता आले असते. ही नुसती ‘कशी आहे’ विचारत होती. आणि कळवायचं म्हणजे आधी भिंगरीला सांगायला हवं की मी तुला चुकीचं शिकवलं. तुझा कोंबडा, तुझी साखळी, तुझं इफे, सगळं मी एका पुस्तकातल्या चित्रावरून तुला देऊन टाकलं. नऊ वर्षांची पोर म्हणेल, मग आणखी काय काय खोटं आहे? तूही?

उत्तरं त्यांनी लिहिली नाहीत असं नाही. बरीच लिहिली. ‘तुमची नात उंच आहे. तिला भागाकार येत नाही, पण ती कबूल करत नाही.’ इथवर लेखणी झरझर चालायची. शेवटी सहीपाशी यायची आणि अडायची. खाली काय लिहायचं? ‘मुलीची आई’? ज्या बाईची लेक आपल्या गावच्या वॉर्डात, कुणाला एक शब्द न कळता मेली, तिला उद्देशून हे दोन शब्द लिहायचे? बाई कागद फाडून टाकायच्या.

पुढच्या वर्षी एवे बाकाने गोष्ट सांगितली आणि पोरं उलटी चालत निघाली, तेव्हा बाई हसल्या नाहीत. त्यांना वर्गात उभं राहवेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगीच नाही. त्याच संध्याकाळी नकाशा टेबलावर पसरून त्यांनी जांभळ्या तुकड्याची शिवण कात्रीच्या टोकाने उसवली. दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं तर म्हणाल्या, “विरला होता.” तेव्हापासून वर्गात धड बाक चारच झाले. पाचव्यावर वह्यांचे गठ्ठे.

दुसरं पत्र वर्षाने आलं, तिसरं त्यानंतर दोन वर्षांनी. तिन्ही पत्रं ताईनेच आणून दिली. दुसऱ्या वेळी ती भांडली. तिसऱ्या वेळी तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि चहा न घेताच निघून गेली. त्यानंतर पत्र आलं नाही. बाईंना वाटलं, सुटले. असं वाटलं म्हणून त्यांना स्वतःची लाजही वाटली, पण सुटल्यासारखं वाटलं ते खरं. दुसऱ्यांच्या पोरांना त्या दरवर्षी सांगत राहिल्या की आपण कुठून आलो हे माणसाला कळलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भिंगरी एकवीस वर्षांची झाली. तिनेही शिक्षिका व्हायचं ठरवलं होतं. दुसरं काय होणार होती ती? बाईंचा गुडघा धरला आणि पंधरा दिवस घरी बसायची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी बदली म्हणून भिंगरीलाच बोलावलं. पहिल्याच दिवशी ती नकाशा घरी घेऊन आली. कडा सुटल्या होत्या, म्हणाली टाके घालते. टेबलावर पसरून, सुई ओवून, ती किनाऱ्याने किनाऱ्याने टाके घालत चालली. बाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. अकानांच्या तुकड्यापाशी तिची सुई थांबली.

अकान आणि योरुबांच्या मध्ये पडद्याचा रंग वेगळा होता. बाकी पडदा उन्हाने विटला होता, तेवढीच जागा गडद राहिली होती, आणि तिच्याभोवती सुईच्या भोकांची बारीक रांग.

“आई, इथे एवे होते ना?”

बाईंनी गुडघ्यावरची चादर सारखी केली.

“हो, होतेच. ते बादलीत पडलं होतं की एक जण! मग तू शिकवायचं का थांबवलंस? एवढी चांगली गोष्ट.”

‘विरला होता’ हे दोन शब्द तयार होते. अकरा वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. बाईंनी ते म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ते म्हणता येईनात. समोर पोरगी सुई धरून बसली होती, तेवढ्याच विश्वासाने बघत. त्यांनी कपाटाकडे हात केला. “स्वेटरांच्या खाली बघ.”

भिंगरीने तिन्ही पत्रं उभ्यानेच वाचली. वाचायला फार वेळ लागला नाही, लहानच होती. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

“उत्तर दिलंस?”

“नाही.”

“एकालाही?”

“नाही गं.”

भिंगरीने पत्रांच्या घड्या होत्या तशा घातल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. “तू मला विचारलं असतंस तर मी कुठेही गेले नसते, आई,” ती म्हणाली. “नऊ वर्षांची होते मी. तुझ्याशिवाय मला झोपसुद्धा यायची नाही. कुठे जाणार होते?”



पंधरा दिवस भिंगरीने वर्ग घेतला, आईचं पथ्यपाणी केलं, औषधं वेळेवर दिली. बोलली मात्र कामापुरतंच. “पाणी देऊ?” “नको.” “गोळी घेतलीस?” “घेतली.” ज्या घरात एकवीस वर्षं बडबड थांबली नव्हती, त्या घरात भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. ताई भेटायला आली, दोघींकडे बघून तिला काय ते कळलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. “मीही गप्प बसले,” म्हणाली. “मावशी म्हणून मी तरी सांगायला हवं होतं.” मग एक दिवस भिंगरी बॅग भरून निघाली. दाराशी बाईंनी तिला एवढंच सांगितलं की ते कापड आणि मणी घेऊन जा. ती म्हणाली, “घेतलेत.”

बाई पुन्हा शाळेत रुजू झाल्या. नकाशा लावला आणि त्या गडद जागेवर बोट ठेवलं.

“इथे एवे लोक राहतात,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला ते शिकवले नाहीत. तुमच्याआधीच्या कितीतरी मुलांनाही नाही शिकवले. मी चुकले.”

बाई चुकल्या असं बाईंच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका टवळीने हात वर केला.

“का नाही शिकवलंत बाई?”

“मला भीती वाटली.”

“एवे लोकांची?”

“नाही बाळा. ते फार चांगले लोक आहेत,” बाई म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळून त्यांनी बराच वेळ खडू शोधला. खडू हातातच होता.

भिंगरीचा फोन एकोणिसाव्या दिवशी आला, मधल्या सुट्टीत. शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. बाहेर पोरांचा गलका, म्हणून त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

“पोचलीस? बरी आहेस ना?”

“बरी आहे.” मग ती म्हणाली, “आजी नाहीये, आई. तीन वर्षं झाली.”

बाई खुर्चीवर बसल्या. तीन वर्षं. म्हणजे पहिलं पत्र आल्यानंतर ती नऊ वर्षं होती. नऊ वर्षांत एक पोस्टकार्ड लिहिता आलं नसतं का कुणाला!

“ज्या बाईंनी पत्रं लिहिली त्या आहेत अजून,” भिंगरी सांगत होती. “मी त्यांच्याकडेच राहिलेय. त्या सांगतात, आजी दर आठवड्याला शाळेत यायची. उत्तर आलं का विचारायला. नाही म्हटलं की जायची नाही, मागच्या बाकावर बसून राहायची. मग यांनी तिला नकाशात आपलं बंदराचं गाव दाखवलं. इथे आहे म्हणाल्या तुमची नात. तर आजी रोज तिथे बोट ठेवायला लागली. पोरं विचारायची, आजी, तिथले लोक कसे असतात? आणि ती सांगायची.”

“काय सांगायची?”

“तिला काय ठाऊक असणार! मनानेच रचायची. म्हणायची, ते लोक दारात आलेल्या लेकराला आधी जेवू घालतात, मग नाव विचारतात. त्यांच्यात पोरांवर कुणी हात उगारत नाही. त्यांच्या बायका उंच असतात आणि त्यांना खूप गाणी येतात. पोरं खरं मानायची. इथे अजून सगळे तेच सांगतात, आई. मी आले तर गावातल्या बायका माझ्याकडून गाणं म्हणून घ्यायला बसल्या.”

बाईंना गाता यायचं नाही. एकवीस वर्षांत त्यांनी भिंगरीला एकही गाणं म्हणून दाखवलं नव्हतं.

“एकदा एका पोराने आजीला विचारलं,” भिंगरी सांगत गेली, “की एवढे चांगले लोक आहेत तर पत्राचं उत्तर का देत नाहीत? तर आजी म्हणाली, ती त्यांची रीत आहे. घाईने उत्तर देणं त्यांच्यात वाईट समजतात. मनापासून, सगळं सविस्तर लिहून झालं की मगच पाठवतात. वेळ लागतो त्याला. या बाईंनी तो धडाच करून टाकला. दरवर्षी शिकवतात. काल मला वर्गात उभं केलं, आणि एका लहान मुलीने विचारलं, ताई, खरंच का हो तुमच्या लोकांत अशी रीत आहे?”

बाहेर घंटा झाली. पोरं धावत वर्गात शिरू लागली.

“तू काय म्हणालीस?” बाईंनी विचारलं.

“हो म्हणाले.”

बाई तिथेच, वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, तोंडावर हात दाबून रडायला लागल्या. भिंगरी पलीकडून ऐकत राहिली. ‘रडू नकोस’ असं ती काही म्हणाली नाही, पण तिने फोनही ठेवला नाही.